मोटारीची दुरुस्ती महाग का झाली?

मोटार ही एकेकाळी डॉक्टर, वकील आणि मोठे बागायतदार यांच्याच दारात दिसणारी वस्तू होती. आज तालुक्याच्या गावी शाळेच्या आवारात शिक्षकांच्या मोटारी उभ्या असतात, पंचायत समितीच्या सभेस येणारे सदस्य स्वतःच्या वाहनाने येतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेवर तर आसपासची सारी गावे विसंबून असतात. वाहन खरेदी करताना त्याची किंमत, कर्जाचा हप्ता आणि इंधनाचा खर्च यांचा हिशेब बारकाईने केला जातो. दुरुस्ती व देखभाल यांचा अंदाज मात्र सहसा कोणी बांधत नाही. पहिली दोन-तीन वर्षे हमीच्या मुदतीत सुखाने जातात. त्यानंतर एखादे दिवशी सेवाकेंद्रातून असे देयक हाती पडते की, महिन्याचे अंदाजपत्रकच कोलमडते.

अशा वेळी पहिला राग मिस्त्रीवर निघतो. गॅरेजवाले लुबाडतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु केवळ लुबाडणूक हे या दरवाढीचे मूळ नव्हे. दुरुस्ती या कामाचे स्वरूपच गेल्या चाळीस वर्षांत पालटले आहे. हा बदल समजून घेतला, तर खर्चापैकी कोणता भाग टाळता येण्यासारखा आहे आणि कोणता नाही, हे उमगते.

मिस्त्रीच्या कानापासून संगणकापर्यंत

उत्तरपाडा येथे १९५८ पासून तयार होणारी अ‍ॅम्बॅसिडर, मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट (१९७४ पासून तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले) आणि शासकीय दौऱ्यांची जीप ही एका पिढीची वाहने होत. त्यांची रचना साधी होती. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, प्लग आणि डायनॅमो एवढ्यांची जाण असलेला मिस्त्री पाने-पकडीच्या पेटीवर जवळजवळ सर्व दोष दूर करू शकत असे. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे कारागीर प्रत्येक तालुक्यात होते. ब्रेकचे लायनर घासले की नवे लायनर रिव्हेटने बसवीत. स्टार्टरचे आर्मेचर जळले की त्याचे वाइंडिंग पुन्हा करीत. रेडिएटर गळू लागला की त्याला डाख देत, आणि सिलिंडर झिजले की लेथवर नेऊन रिबोअर करीत. भाग बदलण्यापेक्षा तोच भाग पुन्हा कामास लावण्याकडे कल असल्यामुळे देयकात मजुरी हाच मुख्य हिस्सा असे, आणि मजुरी स्वस्त होती.

जुने ते सोने म्हणण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. ही वाहने वारंवार बंद पडत. घाट चढताना पाणी उकळणे, पावसाळ्यात पॉइंट ओले होणे, काही हजार किलोमीटरनंतर कार्बन काढण्यासाठी इंजिन उघडावे लागणे, हे नित्याचेच होते. आजच्या मोटारीचे इंजिन योग्य निगा राखल्यास लाखाहून अधिक किलोमीटर न उघडता चालते. म्हणजे दुरुस्तीचे प्रसंग कमी झाले, पण जो प्रसंग येतो तो मोठा येतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हापासून हा बदल सुरू झाला. त्याला खरा वेग दिला तो प्रदूषणविषयक मानकांनी. देशभर पहिल्या टप्प्याची मानके २००० मध्ये लागू झाली. पुढे २००५, २०१० आणि २०१७ असे टप्पे आले, आणि पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून एकदम भारत-६ मानके लागू करण्यात आली. धुरातील विषारी वायू या मर्यादेत ठेवणे कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याच्या जागी इंधन नेमके मोजून फवारणारी इंजेक्शन यंत्रणा, तिला आज्ञा देणारा छोटा संगणक आणि त्या संगणकाला हवा, उष्णता व ऑक्सिजन यांची माहिती पुरविणारे सेन्सर आले. धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. डिझेल मोटारीत इंधन हजार बारहून अधिक दाबाने इंजेक्टरमध्ये जाते. डिझेलमध्ये थोडे जरी पाणी मिसळलेले असले, तरी या नाजूक भागांचे नुकसान होते आणि ते गावच्या पंपमिस्त्रीला सहसा दुरुस्त करता येत नाही.

सुरक्षिततेच्या नियमांचाही यात वाटा आहे. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग, वेगाचा इशारा आणि मागे घेतानाचे सेन्सर बंधनकारक झाले. चाके जागीच अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा त्याच वर्षी एप्रिलपासून आवश्यक ठरली. ही साधने प्राण वाचवितात, तेव्हा ती नकोत असे कोणी म्हणणार नाही. त्यांची किंमत मात्र दुरुस्तीच्या वेळी दिसते. पूर्वीचा पत्र्याचा बम्पर हातोडीने ठोकून सरळ करता येई. आजचा बम्पर प्लॅस्टिकचा, त्यात सेन्सर बसविलेले आणि त्यावर गाडीच्या रंगाचा मुलामा. पुढच्या दिव्याची पूर्वी काच बदलत, आज एक खुंटी तुटली तरी बहुधा सबंध दिवाच बदलावा लागतो. थोडक्यात, दुरुस्तीची जागा बदलीने घेतली आहे.

भागांच्या किमती आणि त्यावरील कर

बदली वाढली की सुट्या भागांच्या किमतीला महत्त्व येते. मोटारीतील इलेक्ट्रॉनिक भागांचा मोठा हिस्सा परदेशातून येतो. २००० मध्ये एका डॉलरला सुमारे ४५ रुपये मोजावे लागत, ते २०२५ च्या अखेरीस ८५ हून अधिक झाले होते. त्याचा परिणाम सेन्सरच्या किमतीत उतरणे अपरिहार्य होते.

करांच्या बाबतीत मात्र अलीकडे दिलासा मिळाला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा मोटारीच्या बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के आणि दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के असा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील व टायरवरील करही १८ टक्क्यांवर आणण्यात आला. मूळ दहा हजार रुपयांच्या भागासाठी पूर्वी बारा हजार आठशे रुपये द्यावे लागत, तेथे आता अकरा हजार आठशे पुरतात. देयक हाती आल्यावर भागांपुढे कोणता दर लावला आहे, हे पाहणे म्हणूनच व्यर्थ नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसह असते. ती किंमत लावून तिच्यावर पुन्हा कर आकारणे नियमाला धरून नाही.

किमतींमागे स्पर्धेचा अभाव हेही एक कारण आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की, कंपन्यांचे अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीसाठी अधिकृत सेवाकेंद्राखेरीज मार्गच उरत नाही. आयोगाने चौकशीची व्याप्ती वाढवली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भाग खुल्या बाजारात मिळावेत, दुरुस्तीची माहितीपुस्तके व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांनाही उपलब्ध व्हावीत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करू नये, असे निर्देशही त्या आदेशात होते. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल, अशी मर्यादा आयोगाने घातली होती. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. काही कंपन्यांच्या बाबतीत अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तो कायम ठेवला, पण दंडाची रक्कम कमी केली. आदेशाचे पुढे काहीही होवो, त्याने दाखवून दिलेला प्रश्न खरा आहे, आणि त्याची झळ शहरापेक्षा खेड्याला अधिक लागते.

तालुक्याच्या गॅरेजाचा प्रश्न

पुण्या-मुंबईच्या रहिवाशाला एक सेवाकेंद्र महाग वाटले, तर दुसरे शोधता येते. भामरागडच्या शिक्षकाची अडचण वेगळी आहे. तेथून गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाणच दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. बंद पडलेली मोटार तेथवर ओढून नेण्याचा खर्च कित्येकदा दुरुस्तीहून जड होतो. अशा ठिकाणी गावचे गॅरेज टिकणे ही सोयीची नव्हे, गरजेची बाब आहे.

या गॅरेजापुढे आज नवी अडचण उभी आहे. अलीकडच्या मोटारींत दोष आपोआप नोंदविणारी यंत्रणा असते. चालकाच्या पायाजवळ असलेल्या जोडणीला स्कॅनर लावला की दोषाचा सांकेतिक क्रमांक समजतो. साधा स्कॅनर फारसा महाग नाही व इंजिनाचे बहुतेक दोष त्यावर वाचता येतात. पण एअरबॅग, ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, नवी किल्ली जुळविणे किंवा बदललेल्या संगणकाची नोंदणी करणे, यांसाठी त्या-त्या कंपनीचीच प्रणाली लागते. वीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री येथे हात टेकतो. त्याचे कौशल्य कमी पडले म्हणून नव्हे, तर कुलपाची किल्ली त्याच्यापाशी नाही म्हणून. शिवाय क्रमांक वाचणे म्हणजे दोष शोधणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ऑक्सिजन सेन्सरचा क्रमांक दिसला की तो सेन्सर बदलून टाकणे सोपे असते. प्रत्यक्षात दोष उंदराने कुरतडलेल्या वायरीत असू शकतो. तपासणीस अर्धा दिवस देणारा कारागीर जास्त मजुरी मागतो, पण अंती तोच स्वस्त पडतो.

‘दुरुस्तीचा हक्क’ ही कल्पना याच संदर्भात पुढे आली. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळही सुरू करण्यात आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जातो. त्या विद्यार्थ्यांच्या हाती स्कॅनर आणि वायरिंगचे नकाशे जितके अधिक येतील, तितकी तालुक्याची गॅरेजे नव्या मोटारींना हात घालू शकतील.

लॉगबुक काय सांगते?

किमती व कर वाहनधारकाच्या हाती नाहीत, देखभाल मात्र आहे. या बाबतीत शासकीय वाहनांकडे एक चांगले साधन आहे, ते म्हणजे लॉगबुक. दुर्दैवाने ते प्रवासाचा पुरावा म्हणूनच लिहिले जाते. वस्तुतः किलोमीटर आणि इंधन यांचे आकडे महिन्याकाठी ताडून पाहिले, तर वाहनाची प्रकृती त्यात स्पष्ट दिसते. रस्ता तोच, चालक तोच आणि लिटरमागे दोन किलोमीटर कमी पडू लागले, तर काही तरी बिघडले आहे हे निश्चित. टायरमध्ये हवा कमी असेल, धुळीने एअर फिल्टर भरला असेल किंवा ब्रेक सुटत नसेल. या तिन्ही गोष्टींवर अल्प खर्च येतो. दुर्लक्ष केल्यास त्यांचेच रूपांतर मोठ्या कामात होते. घरच्या मोटारीसाठीही एक साधी वही ठेवण्यास हरकत नाही.

थंड पाण्याची यंत्रणा हे याचे ठळक उदाहरण होय. कूलंट संपले की त्यात बोअरचे पाणी ओतण्याची सवय सर्वत्र आहे. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. पुढे काही शे रुपयांचा रबरी होज फुटतो आणि इंजिन तापते. तरीही ‘गाव जवळच आहे’ म्हणून मोटार हाकली, तर हेड वाकते, गॅस्केट जळते आणि खर्च कित्येक हजारांवर जातो. पुष्कळ नव्या मोटारींत तापमानाचा काटा नसतो, फक्त तांबडा दिवा असतो. तो लागताच वाहन थांबवावे आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.

टायमिंग बेल्टचेही असेच आहे. ज्या इंजिनात साखळीऐवजी रबरी पट्टा असतो, तेथे तो ठरावीक अंतरानंतर, चांगला दिसत असला तरी, बदलावा लागतो. धावत्या इंजिनात तो तुटला तर अनेक रचनांमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ब्रेक पॅड वेळीच बदलले नाहीत, तर उघडा पडलेला पत्रा डिस्क खरवडतो आणि एका कामाची दोन होतात.

भारत-६ डिझेल वाहनांची एक अडचण ग्रामीण भागात विशेष जाणवते. त्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जळण्यासाठी तो पुरेसा तापावा लागतो, आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर सलग चालणे आवश्यक असते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या वाहनात तो चोंदतो. इशाऱ्याचा दिवा लागल्यावर वाहनाच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पंधरा-वीस मिनिटे महामार्गावर एकसारख्या वेगाने चालविल्यास बहुधा भागते. चालकाला हे कोणी सांगितलेले नसते. तो दिवा दुर्लक्षितो आणि शेवटी सबंध फिल्टर बदलण्याची वेळ येते. त्या दिवसांत रुग्णवाहिका उभी राहते, याची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

शासकीय वाहनाला मालक अनेक आणि काळजीवाहक एखादाच, अशी स्थिती असते. अधिकारी बदलतात, चालक बदलतो, किरकोळ खर्चाची मंजुरी रेंगाळते, आणि मग मोठ्या खर्चाची मंजुरी तातडीने मागावी लागते. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही. जुनी जीप ओढत नेण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आहे.

पूर, विमा आणि देयक

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुराने वेढले. अशा प्रत्येक पुरात मोटारी पाण्याखाली जातात, आणि पाणी ओसरताच मालक प्रथम किल्ली फिरवून पाहतो. नेमके हेच करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरविले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपन्या अशा वेळी नुकसान पुरामुळे नव्हे, इंजिन चालू केल्यामुळे झाले, असे म्हणून इंजिनाचा खर्च नाकारतात. बॅटरीची तार काढून वाहन ओढत गॅरेजात नेणे हाच योग्य मार्ग होय. पूरप्रवण गावांतील वाहनधारकांनी विमा घेतानाच इंजिन संरक्षणाची जादा तरतूद विचारून घ्यावी.

सर्वंकष विमा आहे म्हणजे सर्व खर्च मिळेल, हा समजही चुकीचा आहे. सर्वसाधारण विमापत्रानुसार प्लॅस्टिक, रबर व नायलॉनचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. धातूच्या भागांवरील घसारा वाहनाच्या वयानुसार वाढतो. पाच ते दहा वर्षांच्या मोटारीस तो ४० टक्के आहे. काचेवर घसारा नाही. म्हणजे आठ वर्षांच्या मोटारीचा दहा हजारांचा प्लॅस्टिकचा बम्पर बदलल्यास निम्मी रक्कम मालकाने सोसावयाची, आणि शिवाय विमापत्रातील सक्तीची वजावट वेगळी. नैसर्गिक झीज आणि यांत्रिक बिघाड यांना तर हा विमा लागूच नाही.

काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक मागावे व त्याबाहेरचे काम विचारल्याखेरीज करू नये, असे कामाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. अधिकृत केंद्रांच्या देयकात इंजिनाची अंतर्गत धुलाई, वातानुकूलन यंत्रणेचे निर्जंतुकीकरण, रंगावरील लेप अशा बाबी पुष्कळदा असतात. कंपनीच्या देखभाल तक्त्यात त्या नसतील, तर नाकारण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. हा तक्ता वाहनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका बहुतेक मोटारींच्या खणात प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पडून असते.

एवढ्यानेही समाधान न झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदविता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग आहे. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि तिच्यासोबत देयक, कामाची चिठ्ठी व अंदाजपत्रक जोडावे लागते.